आईच्या घोट्यातला लांब स्क्रू : हुकलाय की मुद्दाम घातलाय?

मांजराकाठची (९ फेब्रुवारी, रात्री ९:४०)

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या रानातल्या पूजेला, आई रानात पडली. डोक्यावर आंबिलाचं मडकं होतं. बांधावरून उतरताना ठिबकच्या नळीत पाय अडकला, पाऊल तिथंच रुतून राहिलं आणि अंग गरकन फिरलं. मडकं मात्र तिनं फुटू दिलं नाही. जाऊबाईंच्या हातात दिलं आणि मगच खाली बसली. आम्हाला वाटलं मुरगळलं असेल. हळद-तेल लावून पूजा उरकली, पण भज्जी-उंडे कुणाच्या घशाखाली उतरले नाहीत. दिवस मावळेपर्यंत घोटा वांग्यासारखा झाला, जांभळा आणि तुकतुकीत.

लातूरला दाखवलं. बाहेरच्या बाजूचं बारीक हाड मोडलेलं, आतल्या घोट्याचा कोपरा सुटलेला. डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घातलं, पाय दोन उशांवर ठेवायला लावला आणि सात दिवस काहीच केलं नाही. "हे टाळायलेत, पेशंट दुसरीकडं हलवा" म्हणून पाहुण्यांनी नुसता कालवा केला. आठव्या दिवशी कमरेत भूल देऊन ऑपरेशन झालं. बाहेरून प्लेट आणि सात स्क्रू, आतून दोन.

आता मुद्द्यावर येते. बाहेरच्या सातांपैकी एक स्क्रू प्लेट सोडून एकटाच बसलाय. दुसरा एक बाकीच्यांच्या दुपटीनं लांब आहे, बारीक हाडातून निघून थेट शेजारच्या नडगीच्या हाडात घुसलाय. बाजूनं काढलेल्या एक्स-रेत तर तो तिरका दिसतो. माझ्या आत्याचे जावई मेडिकलवर असतात. ते फोटो बघून म्हणाले, "मिस्त्रीचा खिळा हुकावा तसा हा दुसऱ्या हाडात गेलाय." तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं आहे. आई तर पायाकडं बघतसुद्धा नाही.

त्यात भर म्हणजे ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी हा एक स्क्रू काढायचा की ठेवायचा ते बघू. ओळखीचे दुसरे एक डॉक्टर म्हणाले, काढायची काही गरजच नाही. मग घातला कशाला? ऑपरेशनला पाच आठवडे झालेत, अजून पाय टेकू दिलेला नाही.

---

बालाघाटचा_बाप्पू (९ फेब्रुवारी, रात्री १०:१५)

ताई, तुम्ही आधी ऑपरेशनच कामून केलं? आमच्याकडं एक बाबा आहेत, बांबूच्या कामट्या आणि पाला बांधतात. पंधरा दिवसांत माणूस चालतंय. हे लोखंड एकदा आत गेलं की थंडीत ठणकतंय जन्मभर.

---

सुतारदादा_निलंगा (९ फेब्रुवारी, रात्री १०:५०)

लेकी, म्या डॉक्टर न्हाई. पण चाळीस वर्सं लाकडात स्क्रू पिळलेत, तेव्हा दोन गोष्टी सांगतो.

दोन फळ्या एकमेकीवर आवळून बसवायच्या आसतील तर वरच्या फळीत भोक स्क्रूच्या अंगाएवढं मोठं पाडावं लागतंय आन् खालच्या फळीत बारीक. मग आटे फकस्त खालच्या फळीत धरतात, माथा वरच्या फळीला दाबतो, फट मिटते. दोन्ही फळ्यांत बारीक भोक पाडलं तर आटे दोन्हीत धरतात. मग कितीबी पिळा, मधली फट जशीच्या तशी. नवीन पोरगं कामाला आलं की हेच चुकतंय. "दादा, स्क्रू फुल टाईट हाय, तरी फट कामून दिसायलीय?"

तुमच्या डॉक्टरला इचारा, त्या एकट्या स्क्रूला भोक कसं पाडलं आन् लांबड्याला कसं पाडलं. उत्तर येगळं येईल आसं वाटायलंय.

---

हातोडीवाला (१० फेब्रुवारी, सकाळी ७:०५)

दादा, आमच्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना शिकवायला या. तुम्ही रात्री पावणेअकराला जे लिहिलंत ते समजायला मला दीड वर्ष आणि दोन सरांच्या शिव्या लागल्या होत्या.

मी हाडांचा डॉक्टर आहे, नांदेडकडे काम करतो. ताई, फोटोवरून निदान करणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी आत डोळ्यांनी बघितलंय, मी बघितलेलं नाही. पण एवढं जावईबापूंना बेलाशक सांगा की दोन हाडांतून जाणं हेच त्या स्क्रूचं काम असतं.

आधी घोटा समजून घ्या. ही एक खोबण आहे. नडगीचं हाड वरून छत धरतं. त्याचाच खाली उतरलेला कोपरा म्हणजे आतली भिंत, आणि बारीक हाड म्हणजे फिब्युला ही बाहेरची भिंत. मध्ये टॅलस, म्हणजे पावलाचं सगळ्यात वरचं हाड, बसतो आणि पाऊल वर-खाली होतं. बाहेरची भिंत नडगीच्या अंगाला एका उथळ खाचेत टेकलेली असते आणि दाव्यानं बांधावी तशी चिवट बंधांनी बांधलेली असते. या बांधणीला आम्ही सिंडेस्मोसिस म्हणतो. तुमच्या आईचं पाऊल रुतलं आणि अंग फिरलं. आतली भिंत तुटली, टॅलसनं बाहेरच्या भिंतीला आतून रेटा दिला, बंध फाटले आणि वर जाऊन फिब्युला मोडली. वेबर नावाच्या स्विस सर्जननं फिब्युला कुठल्या पातळीवर मोडली त्यावरून ए, बी, सी अशी विभागणी केली : बांधणीच्या खाली ए, बांधणीच्या पातळीला बी, वर सी. जसं वर जावं तशी बांधणी फाटल्याची शंका वाढते.

आता स्क्रू.

प्लेट सोडून एकटा बसलाय तो दादांचा पहिला स्क्रू, लॅग स्क्रू. मोडलेल्या फिब्युलाचे दोन तुकडे एकमेकांवर आवळायला. अलीकडच्या तुकड्यात ३.५ मिमीचं भोक, पलीकडच्यात २.५ चं, स्क्रू ३.५ चा. प्लेट त्याच्यावर राखणीला.

आतल्या घोट्यातले दोन बहुधा ४ मिमीचे, टोकाकडेच आटे असलेले. तिथं तत्त्व तेच, फक्त मोठं भोक पाडावं लागत नाही, कारण माथ्याकडच्या दांड्याला आटेच नसतात. पथ्य एकच : सगळे आटे मोडीच्या रेषेपलीकडे गेले पाहिजेत. एक जरी आटा अलीकडे राहिला तरी फट मिटत नाही. दोन घालतात ते तुकडा स्क्रूभोवती फिरू नये म्हणून.

लांब स्क्रू दादांचा दुसरा. इथं आवळायचंच नसतं. फिब्युला खाचेत नीट बसवायची आणि आहे त्या जागी धरून ठेवायची, म्हणून दोन्ही हाडांत सारखंच बारीक भोक आणि दोन्हीत आटे. फाटलेले बंध भिंत जागेवर राहिली की आपले आपण सांधतात. तोवर हा स्क्रू म्हणजे नवीन रोपाला बांधलेली काठी.

तिरका का? स्वतःच्या घोट्यांना हात लावून बघा. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा मागे आणि खाली लागेल. फिब्युला नडगीच्या नेमकी बाजूला नसते, जरा मागे असते. म्हणून स्क्रू मागून पुढे २५ ते ३० अंश तिरका जातो. सरळ आडवा घातला तर नडगीच्या मागच्या कडेवरून निसटायची भीती, नाहीतर फिब्युलाला खाचेतून ढकलायची. उंचीचंही गणित असतं. सांध्याच्या वर साधारण २ ते ३ सेंटिमीटर आणि सांध्याच्या रेषेला समांतर. फार वर गेला तर खालची भिंत मोकळीच राहते.

ओपीडीला निघायचंय. काढायचा की ठेवायचा ते रात्री लिहितो.

---

संपादक मंडळ (१० फेब्रुवारी, सकाळी ९:३०)

मूळ धाग्यातल्या एक्स-रेवर रुग्णाचं नाव आणि केस नंबर दिसत होता. फोटो काढून टाकला आहे. नाव झाकून पुन्हा टाकावा.

---

क्षकिरणवाला (१० फेब्रुवारी, दुपारी १:२०)

मी तालुक्याच्या गावी एक्स-रे काढतो, बावीस वर्षं झाली. आमची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो.

पेशंटला पाय चित ठेवायला सांगितलं आणि बटण दाबलं, असा घोट्याचा एक्स-रे काढला तर फिब्युला नडगीच्या मागे लपते आणि खोबण दिसतच नाही. पाय १५ ते २० अंश आत वळवावा लागतो. मग तिन्ही बाजूंनी एकसारखी काळी पट्टी दिसते, उलटा यू काढल्यासारखी. ती पट्टी बघायची असते, स्क्रू नाही. पण ऑपरेशन झालेला पाय आत वळवताना माणूस ओरडतो, सोबतचे नातेवाईक आमच्यावर ओरडतात, मग जसा असेल तसा काढून मोकळे होतात. नंतर तोच फोटो गावभर फिरतो आणि जो तो "स्क्रू वाकडा" म्हणतो. निम्म्या वेळा फोटो वाकडा असतो.

ताई, पुढच्या वेळी सांगा की दोन्ही पाय एकदम काढा, दोन्ही सारखेच आत वळवून. पायाच्या अंगठ्यांना पट्टीनं एकमेकांकडं बांधून ठेवलं तरी जमतं. चांगला पाय हा सगळ्यात स्वस्त नकाशा आहे.

---

वाळूजची_तिसरी_पाळी (१० फेब्रुवारी, रात्री ११:५५)

मी पेशंट. चार वर्षांपूर्वी कंपनीच्या बसमधून उतरताना घोटा गेला, अगदी ताईंच्या आईसारखा, लांब स्क्रूसकट. पाचव्या महिन्याच्या एक्स-रेत लांब स्क्रू मधोमध तुटलेला. मी सीएनसी मशीनवर फास्टनरच, म्हणजे स्क्रू-बोल्टच काढतो, त्यामुळे पहिला विचार हाच की माल खराब. दवाखान्यात जाऊन भांडलो. मटेरियल सर्टिफिकेट द्या म्हणालो. आता आठवलं की लाज वाटते.

नंतर थंड डोक्यानं हिशोब केला. ३.५ चा स्क्रू म्हणजे आट्यांसकट ३.५, आतला गाभा २.४ मिमी. ३१६ एल स्टील. आता पाऊल वर उचललं की टॅलसची पुढची रुंद बाजू खोबणीत शिरते आणि फिब्युलाला किंचित बाहेर सरकून, वळून जागा द्यावी लागते. पाऊल खाली केलं की परत. चालताना दर पावलाला हे होणार आणि स्क्रू मात्र दोन हाडांना धरून बसलेला. तार हातात घेऊन पुढं-मागं वाकवत राहिलो तर काय होतं? फटीग, म्हणजे धातू थकून तुटतो. सगळा भार दोन हाडांमधल्या फटीवर, तुटतोही तिथंच. माल चांगला होता. पाच महिने टिकला हेच जास्त.

माझा तुटलेला आजही आत आहे. रोज दहा तास उभा असतो. कधी दुखला नाही, थंडीतही नाही. बाप्पू, ही तुमच्यासाठी.

---

हातोडीवाला (११ फेब्रुवारी, रात्री १२:२०)

झोप येत नाहीये, लिहूनच टाकतो. वरच्या पोस्टमध्ये माझं अर्धं उत्तर आलंच आहे.

पूर्वीची रीत अशी की आठ ते बारा आठवड्यांनी सिंडेस्मोसिसचा स्क्रू काढायचाच, कारण चालायला लागल्यावर तो तुटेल. आता बरेच जण सरसकट काढत नाहीत. सैल होऊन किंवा तुटून आत राहिलेले स्क्रू असलेली माणसं नीट चालतात. उलट तुटल्यावर फिब्युलाला तिची नैसर्गिक हालचाल परत मिळते. दुसरीकडे, काढायचा म्हणजे पुन्हा चिरा, पुन्हा जंतुसंसर्गाचा धोका, आणि फार लवकर काढला तर बंध कच्चे राहून फट परत पडायची भीती. म्हणून नियम असा राहिला की स्क्रू टोचत असेल, पाऊल वर उचलताना अडत असेल तर काढा. नाहीतर राहू द्या. ताई, तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत. "बघू" म्हणणारे जरा जास्तच.

काही जण आता स्क्रूऐवजी दोन बटणांमध्ये ओवलेला मजबूत दोरा घालतात. तो थोडी हालचाल होऊ देतो, सहसा काढावा लागत नाही, पण महाग पडतो.

तीन भिंती की चार, हाही आमच्यातला जुना वाद. इथं भिंत म्हणजे खोबणीची नव्हे, हाडाच्या कडक कवचाची : स्क्रू हाडात शिरताना एक भेदतो, बाहेर पडताना दुसरी. फिब्युलाच्या दोन भिंती आणि नडगीची अलीकडची एक, एवढ्यावर थांबायचं की पलीकडची चौथीही भेदायची? रुग्णाच्या चालण्यात ठळक फरक दिसत नाही. चार भिंतींचा एक व्यवहारी फायदा आहे : तुटला आणि काढावाच लागला, तर पुढचा तुकडा आतल्या बाजूनं टोक धरून काढता येतो. तीन भिंतींचा तुकडा हाडात गाडलेला राहतो.

आता मनातलं सांगतो. आम्ही सर्जन लोक स्क्रूचा कोन, उंची, भिंती यावर तासन्‌तास बोलतो. पण रुग्णाचा घोटा पुढे बिघडतो तो बहुतेक वेळा फिब्युला खाचेत नीट न बसल्यामुळे. जराशी पुढे-मागे, जराशी वळलेली. अशा चुकीच्या जागी घातलेला उत्तम स्क्रू चूकच पक्की करतो. टेबलावर आम्ही हाडाला आकडा अडकवून बाहेर ओढून बघतो, सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच्या एक्स-रे यंत्रावर, फट उघडते का ते पाहतो, स्क्रू घातल्यावर परत ओढतो. तरीही थोडं वळण साध्या एक्स-रेत लपू शकतं. शंका राहिली तर दोन्ही घोट्यांचा सीटी स्कॅन. खाच उघड्या डोळ्यांनी बघून बसवणारेही आहेत, आणि मला तेच पटतं.

एवढं काटेकोर कशासाठी? १९७६ मध्ये रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी मोजून दाखवलं होतं : टॅलस बाहेर १ मिलिमीटर सरकला तरी त्याचं वरच्या हाडाशी टेकणारं क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटतं. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. म्हणजे सव्वा कार्ड.

क्षकिरणवाले म्हणाले त्या पट्टीत आतल्या बाजूची फट साधारण ४ मिमीच्या आत आणि वरच्या फटीएवढीच हवी. सांध्याच्या १ सेंमी वर नडगी आणि फिब्युलामधली फट ६ मिमीच्या आत. घरी मोबाईलवर झूम करून मोजत बसू नका, फोटोत माप बदलतं. दोन पायांत फरक आहे का एवढंच डॉक्टरांना विचारा.

आणि सात दिवस थांबले याबद्दल त्यांचे आभार माना. वांग्यासारख्या तुकतुकीत कातडीवर चिरा दिला तर जखम मिटत नाही, प्लेट उघडी पडते. कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबायचं असतं.

---

मांजराकाठची (११ फेब्रुवारी, सकाळी ८:१०)

सुरकुत्या! रोज सकाळी सिस्टर येऊन घोट्यावर बोट फिरवून जायच्या, काही बोलायच्या नाहीत. आम्हाला वाटायचं नाडी बघायलेत. कुणीतरी एक वाक्य सांगितलं असतं तर पाहुण्यांशी भांडणं झाली नसती.

सगळ्यांचे आभार. सुतारदादा, आईला तुमचं वाचून दाखवलं. तेवढंच तिला पटलंय.

---

दुधनाकाठ (११ फेब्रुवारी, दुपारी ३:००)

याच धाग्यात विचारतो. मामांना साखर आहे, वीस वर्षं. तळपायाला चप्पल निसटली तरी कळत नाही. घोटा मोडला तर डॉक्टरांनी एक सोडून तीन लांब स्क्रू घातले आणि तीन महिने पाय टेकू नका म्हणाले. शेजारच्याला त्याच डॉक्टरांनी सहा आठवड्यांत चालायला लावलं होतं. आम्ही गरीब म्हणून की काय?

---

हातोडीवाला (११ फेब्रुवारी, रात्री ९:१५)

उलट काळजी घेतलीय. साखरेनं बधिर झालेल्या पायाला दुखणं कळत नाही, त्यामुळे माणूस मोडक्या पायावर निवांत चालतो आणि सांधा ढासळतो. हाड आणि जखम दोन्ही उशिरा जुळतात. म्हणून जास्त स्क्रू आणि साधारण दुप्पट वेळ. मामांचा पाय रोज संध्याकाळी उजेडात बघा : लालसर, गरम, सुजलेला वाटला तर दुखत नसला तरी लगेच दाखवा. तंबाखू असेल तर ती आजच सोडवा, हाड जुळण्याची ती वैरीण आहे.

---

बालाघाटचा_बाप्पू (१२ फेब्रुवारी, सकाळी ६:३०)

डॉक्टरसाहेब, तुम्ही माझ्या बाबाला काही बोलला नाहीत, म्हणून मीच बोलतो. वाळूजवाल्याचं वाचून रात्री विचार करत बसलो.

आमच्या वस्तीवरचा एक ऊसतोड कामगार, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली. फडात मोळी घेऊन गाडीवर चढताना फळीवरून घसरला, घोटा मोडला. ऑपरेशन केलं असतं तर तीन महिने बसून राहावं लागलं असतं, आणि अर्धा कोयता मुकादम ठेवून घेत नाही. बाबानं पंधरा दिवसांत उभं केलं म्हणून त्याच्याकडं नेला. उभा राहिला, हे खरं. आता पाऊल बाहेरच्या अंगाला वळलंय, घोटा खडकासारखा झालाय आणि सकाळी भिंत धरून उठतो. वय छत्तीस.

तेव्हा मीच त्याला बाबाकडं घेऊन गेलो होतो.

---

हातोडीवाला (१२ फेब्रुवारी, दुपारी २:४०)

बाप्पू, मुद्दामच बोललो नव्हतो. दर हंगामात असे पाच-सहा जण माझ्यासमोर येतात. स्क्रू कुठे घालायचा हे मला येतं. सहा आठवडे पाय टेकू नको म्हटल्यावर त्या सहा आठवड्यांत घर कसं चालवायचं, याचं उत्तर माझ्याकडे नसतं.

त्यांना अजून दाखवता येईल. सांधा पार झिजला नसेल तर हाड परत कापून जागेवर आणता येतं. झिजला असेल तर सांधा जाम करून दुखणं थांबवता येतं, आणि कष्ट करणाऱ्याला तेही चालतं. शासकीय रुग्णालयात न्या, शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवा, आरोग्यमित्राच्या खिडकीवर जनआरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. ही योजना २०१२ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं, फक्त नाव वेगळं होतं. हंगाम संपायची वाट बघू नका.

---

फिजिओताई_परभणी (१३ फेब्रुवारी, दुपारी १२:००)

उशिरा आले. मांजराकाठची ताई, आईंना पाय टेकायची परवानगी मिळेल त्या दिवसाची वाट बघत बसू नका. प्लास्टर काढलं असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर पलंगावर बसून पावलानं हवेत अ, आ, इ, ई काढायला लावा, दिवसातून चार वेळा. पाय जमिनीला न लावता घोटा हलवणं आणि घोट्यावर वजन देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बायकांना चुलीपुढं उकिडवं बसायचं असतं आणि त्यालाच पाऊल सगळ्यात जास्त वर यावं लागतं. नुसतं सपाट चालता आलं म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. आपल्याकडं खरी परीक्षा पाट आणि संडास घेतात.

पोटरी दुखून कडक झाली, सूज वर चढली, किंवा टाक्यांतून पाणी आलं तर व्यायाम बंद, थेट डॉक्टर.

---

मांजराकाठची (२ जुलै, रात्री ८:३०)

धागा वर आणतेय, कारण अर्धवट सोडलेले धागे मला स्वतःलाच आवडत नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन्ही पायांचा एकत्र एक्स-रे काढला. एक्स-रेवाल्या पोराला "पाय आत वळवून, अंगठे बांधून" म्हटल्यावर तो माझ्याकडं बघतच राहिला. "मॅडम, तुम्ही कुठं शिकलात?" डॉक्टरांनी दोन्ही घोटे उजेडाच्या पेटीवर शेजारी लावले, आतली फट पट्टीनं मोजली, बाहेरची मोजली. सारख्या आहेत म्हणाले. लांब स्क्रूसाठी भोक कसं पाडलं तेही विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "दोन्ही हाडांत अडीचचंच." सुतारदादा, तुमचा निरोप पोचला.

मार्चमध्ये वॉकर, एप्रिलमध्ये काठी. स्क्रू काढला नाही. मेच्या शेवटी आई पहिल्यांदा उकिडवी बसली, भाकरी थापली आणि उठताना कुणाचा हात घेतला नाही. आतल्या घोट्यातल्या एका स्क्रूचा माथा चपलेच्या पट्ट्याला लागतो, म्हणून पट्टा सैल करून घेतलाय. तेवढीच तक्रार.

आज सहा महिन्यांचा एक्स-रे झाला. लांब स्क्रू तुटलाय. बरोबर दोन हाडांच्या मधोमध, वाळूजच्या भाऊंनी सांगितलं तिथंच. माझ्या पोटात गोळा आला. आईनं फोटो हातात घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाली, "मोडला व्हय? मला कुठं कळलं." आणि पेरणीचं विचारायला लागली.

आत्याच्या जावयांनी नवीन एक्स-रेचा फोटो मागितलाय. मी अजून पाठवलेला नाही.